गोठ्यातली स्टुडबेकर

खडपवाडी, ता. पोलादपूर
दसरा, १२ ऑक्टोबर २०२४

स्वराज,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर. आधी ऐक.

हे पत्र आपल्या अंगणवाडीची शर्मिला लिहिते आहे. मी सांगते, ती लिहिते. माझ्या शिव्या ती गाळते आणि तिला वाटतं मला कळत नाही. तेव्हा जिथं वाक्य फारच सभ्य वाटेल तिथं थांब आणि तुझ्या मनानं भर घाल. फोन करायला मला टेकडीवर चढावं लागतं, आणि चढून केला तरी तू मध्येच ठेवतोस. कागद ठेवून दिलास तरी तो तिथंच पडून तुझ्याकडं बघत राहतो.

आज सकाळी झेंडूचा हार ओवला. डोळ्यावर अजून हिरवी पट्टी आहे, तरी ओवला, आणि सवयीनं गोठ्यात गेले. म्हैस होती. गाडी नव्हती. चार चाकांचे चार खड्डे, मध्ये तेलाचा डाग. पन्नास वर्षं दसऱ्याचा हार त्या गाडीच्या नाकावर पडला. या वर्षी मी तो म्हशीच्या गळ्यात घातला. तिनं खाल्ला. घरातल्या कोणाला तरी काही मिळालं म्हणायचं.

मला महाडला मोतीबिंदूला तूच नेलंस. "आजी, डोळा बरा झाला की सगळं स्पष्ट दिसेल." दिसलं रे. तीन दिवसांनी घरी आले तर पहिलं दिसलं ते रिकामं गोठ्याचं तोंड. चोर म्हातारी झोपायची वाट बघतो. तू तिला दवाखान्यात घालून, वर शहाळं पाजून, मग आलास. सदू वेल्डर म्हणाला, "आजी, मोठ्या ट्रकवर चढवली. स्वराज बोलला, दुरुस्तीला नेतो."

दुरुस्ती कसली ते काल शर्मिलाला मोबाइलमध्ये सापडलं. जाहिरात. तिनं वाचून दाखवली, मी बाजेवर बसून ऐकली.

"दुर्मिळ अमेरिकन स्टुडबेकर, उघड्या टपाची, सन १९५०. एका संस्थानिकाच्या ताफ्यातील. कोकणातील एका गोठ्यात धूळ खात पडलेली सापडली."

सापडली? सापडायला ती हरवली कधी होती? मी रोज तिच्या मागच्या सीटवरची अंडी गोळा करत होते. तुझा आजा जाऊन तेरा वर्षं झाली, पण तो होता तोवर एक दिवस असा नाही की त्याचं फडकं तिच्यावरून फिरलं नाही. धूळ खात म्हणे. धूळ आमच्या ताटात होती, तिच्या अंगावर नव्हती.

पुढं तू कारखान्याचं पुराण लावलं आहेस. अमेरिकेतले पाच भाऊ, त्यांचा लोहार बाप, त्यांनी कोणत्या साली काय केलं. ठीक. मग चाकांचं नाव, काचेचं नाव, सीटच्या कातड्याचं नाव. मी म्हटलं, शर्मिला, आता आजाचं नाव येईल बघ. तीनदा वाचायला लावलं. आलं नाही. आलं ते हे: "काही काळ स्थानिक देखभाल."

माझा नवरा 'स्थानिक देखभाल'. सात वर्षांचा असल्यापासून ज्याच्या शेजारी बसून पाने-पकडी ओळखायला शिकलास, ज्याच्या जिवावर आज पिंपरीला मेकॅनिक म्हणून मिरवतोस, तो स्थानिक देखभाल. मग मी कोण? गोठ्यातला ओलावा?

तुझ्या बापाला सांगून उपयोग नाही. सुनीलला गाडीचं नाव काढलं की विरारमध्ये झोप येते. म्हणून तुलाच सांगते. जाहिरातीत आजाचं नाव घाल, नाहीतर गाडी होती तिथं आणून उभी कर. तिसरं काही चालणार नाही.

ठकूबाई
(अंगठा माझा आहे. आशीर्वाद उरले नाहीत.)


२२ ऑक्टोबर २०२४

स्वराज,

शर्मिलाला तुझा फोन आला होता म्हणे. आजीचा डोळा कसा आहे? नाही विचारलंस. आजी जेवते का? नाही. "दाराच्या खांबावरची छोटी पाटी कुठंय?" एवढंच.

माझ्याकडं आहे. तांदळाच्या डब्यात, तळाशी. कीड लागत नाही.

आता कशी आली ते ऐक. गौरीच्या वेळी तू दोन माणसं आणलीस. "मित्र आहेत गो आजी, सहज बघायला आलेत." मी चहा केला आणि दारातून बघत राहिले. अरे, बाजारात जनावरं विकण्यात माझा जन्म गेला. सहज बघणारा माणूस जनावराचं तोंड बघतो आणि म्हणतो, वा. घ्यायला आलेला आधी मागं जातो. ते दोघं तडक मागं गेले. मग वाकून पोटाखाली बघितलं. मग नाकाचं झाकण उघडून आतले दात मोजले. मी तेव्हाच ओळखलं, हे गिऱ्हाईक. तू चहात बिस्किट बुडवत बसला होतास. तुझं बिस्किट तुटून पडलं, इतका तू माझ्या नजरेला नजर देत नव्हतास.

दुसऱ्या दिवशी मी सदूला बोलावलं. आपल्यात जनावर विकतात, दावं विकत नाहीत हे तुला माहीत आहे की तेही पिंपरीला विसरलास? गाय दिली तरी तिच्या गळ्यातलं दावं सोडून घ्यायचं आणि खुंट्याला परत बांधायचं. घेणाऱ्यानं आपलं दावं आणावं. जुनं दावं गेलं तर त्याच्या मागोमाग गोठा जातो. तुझ्या पणजीनं एकदा विसरून दिलं होतं, तर ती अर्ध्या वाटेवरून धावत जाऊन घेऊन आली.

तर म्हटलं, गाडी जाणार असेल तर जाईल, तरणा नातू आहे, मी काय त्याला बांधून घालणार? पण दावं मी ठेवणार. आता गाडीला दावं कुठलं? भोवती दोन फेऱ्या मारल्या. किल्ली घेतली असती तर तुला संशय आला असता. दाराच्या खांबावर ती बोटभर पाटी, वर आकडे कोरलेले, अगदी बैलाच्या गळ्यातल्या बिल्ल्यासारखी. म्हटलं हेच. सदू म्हणाला, "आजी, ह्याला काय अर्थ हाय का?" मी म्हटलं, "तुझ्या लग्नाला तरी काय अर्थ होता? काढ."

आता शर्मिला सांगते की त्या पाटीशिवाय ही गाडी कोणती तेच ठरत नाही, आणि तुझा गिऱ्हाईक अडून बसला आहे. चूक झाली खरी. मला वाटलं दावं आहे, निघालं जन्माचा दाखला. पण मला हसू कशाचं आलं सांगू? तू माणसाचं नाव काढून घेतलंस तर सौदा चालतो. मी पत्र्याचं नाव काढून घेतलं तर सौदा अडतो.

जाहिरात परत एकदा वाचून घेतली. कारखान्याचं तू बरं लिहिलं आहेस, ते कबूल करते. पाचांतला एक भाऊ सोनं निघतं तिकडं गेला, आणि सगळे खणत असताना हा तिथं खणणाऱ्यांना ढकलगाड्या करून विकत बसला. हा मला आवडला. मग घोडागाड्या केल्या, लढाईला गाड्या पुरवल्या, आणि त्यानंतर कधीतरी मोटारी. आपली गाडी बहात्तर साली वाडीत आली ती बैल जुंपून आली, ठाऊक आहे ना? म्हणजे त्यांनी गाडीची मोटार केली आणि आम्ही मोटारीची परत गाडी केली. त्यांना पटलं असतं.

पण बघ, त्या भावांचे काळे हात तुला दिसले. दीडशे वर्षांपूर्वीचे, सात समुद्रांपलीकडचे. आजाचे हात तुझ्या खांद्यावर होते, ते नाही दिसले. पाटी हवी तर नाव घाल.

राजाचं जे लिहिलं आहेस ते राहू दे. त्यावर मला काही म्हणायचं नाही.

ठकूबाई


४ नोव्हेंबर २०२४

स्वराज,

दिवाळीला आला नाहीस, तुझ्या तीन ओळी आल्या. शर्मिलानं वाचल्या.

"आजी, राजाची गोष्ट तूच सांगितलीस. मी लहानपणापासून तीच ऐकत आलो. महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्याला गाडी राजाची म्हणून हवी आहे, दारात ठेवायला. आजोबांचं सगळं खरं लिहिलं की राजा कुठून आला ते विचारतील. दोघं एका जाहिरातीत मावत नाहीत. गाडी गेली की मला स्वतःचं गॅरेज टाकता येईल. पाटी दे."

वाचून झाल्यावर शर्मिला माझ्याकडं बघत बसली. मी म्हटलं, चूल विझली असेल, बघून येते, आणि उठले. घरात गॅस आहे हे तिला माहीत आहे.

राजा होता. वाडीत कोणालाही विचार. म्हाताऱ्या माणसाला उलटे प्रश्न विचारू नयेत हे तुझ्या आईनं, माधुरीनं, तुला शिकवायला हवं होतं.

पाटी मिळणार नाही.

ठकूबाई


१५ नोव्हेंबर २०२४

स्वराज,

हे पत्र एकटा असताना वाच. शर्मिलाकडून मी शपथ घेतली आहे. इथं लिहिलेलं या घराबाहेर जायचं नाही.

राजा नव्हता.

लिहिलंस का गो? लिहिलं म्हणते. तिचं पेन मात्र हवेत आहे.

तुझा आजा मुंबईला वाळकेश्वरच्या एका शेठकडं ड्रायव्हर होता, बारा वर्षं. गाडी त्या शेठची. शेठ कसला राजा, सुताचा व्यापारी. त्याला गाडीत बसलं की ओकारी यायची. पुढं अमेरिकेतला कारखाना बंद पडला. सुटे भाग यायचे थांबले आणि गाडी दारात बसली ती बसली. शेठनं दुसरी घेतली आणि आजाला म्हणाला, ही भंगारात घाल, नाहीतर तुझ्या गावी ने, माझ्या नजरेसमोरून हलव. आजा भंगारवाल्याच्या दारापर्यंत गेला. तिथून वळला तो तिला कशीबशी रेटत पोलादपूरला आला.

बहात्तर साल म्हणजे दुष्काळ. घरात वरीसुद्धा निवडून निवडून शिजत होती. मी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते, आपल्याच वाडीच्या रस्त्याची. नवरा नोकरी सोडून येतो म्हटल्यावर मी मान वर करकरून वाट बघायची. वाटलं, दुभती म्हैस घेऊन येईल. आला तो ही घेऊन. खाली नदीशी येऊन बंद पडली. चार बैल जुंपून वर ओढली, त्यातले दोन आमचे. शेवटच्या वळणावर आमचा चांद्या घसरला आणि त्याचा पाय मोडला. तो परत उठला नाही.

दिवाळीपासून होळीपर्यंत मी तुझ्या आजाशी बोलले नाही. ताट वाढायचं आणि भिंतीला सांगायचं, "जेवून घ्या म्हणावं." तो पण भिंतीलाच सांगायचा, "मीठ कमी हाय म्हणावं."

पण मग वाडी हसायला लागली. 'सकपाळाचं भंगार' म्हणायची. पाणवठ्यावर जनी सगळ्यांदेखत म्हणाली, "काय गो ठके, नवऱ्यानं तुला बसायला पाळणा आणलान काय?" मी हंडा डोक्यावर घेता घेता म्हटलं, "पाळणा नाय गो. राजाची गाडी हाय. राजानं खूश होऊन दिली."

मला त्या माणसाला काय बोलायचं ते मी बोलेन. दुसऱ्या कोणी हसायचं काम नाही. तोंडातून गेलं ते गेलं. महिनाभरात राजाला मिशा आल्या. वर्षभरात तो मागच्या सीटवर बसून शिकारीला जायला लागला. तू झालास तोवर त्याला दोन राण्या होत्या. त्या तुझ्यासाठी आणाव्या लागल्या, तू जेवत नव्हतास.

आजानं मला कधी खोटं पाडलं नाही. त्यानं दोन वर्षं खपून गाडी चालती केली. ट्रॅक्टरचं एक, जीपचं एक, महाडला लेथवर घासून घेतलेलं एक. मग तीस वर्षं वराती. महाड, बिरवाडी, पोलादपूर. नवरदेवाला मागं उंच बसवायचं आणि लोकांनी म्हणायचं, राजाच्या गाडीत बसलास रे. आजा पुढं बसून ऐकायचा आणि गाडी बैलाच्या चालीनं चालवायचा.

आता जे सांगते ते मला परवा कळलं. अठ्ठ्याऐंशी साली महाडच्या एका साप्ताहिकाचा माणूस फोटो काढून गेला. छापून आलं तेव्हा आजानं मला बाजेवर बसवून वाचून दाखवलं. "खडपवाडीच्या या गृहस्थांनी मोडक्या गाडीला स्वतःच्या हातांनी जीव दिला. ती जिथून धावते त्या रस्त्याची खडी त्यांच्या पत्नी ठकूबाई यांनी फोडली." मी म्हटलं, माझं पण नाव? म्हणाला, "तर! जाड अक्षरात." मी म्हटलं, राजा? म्हणाला, "राजाला जागा उरली नाय गो." मी तो कागद ट्रंकेत देवाच्या वस्त्रांखाली ठेवला. दर पाडव्याला हळदकुंकू लावते.

परवा तो शर्मिलाला दिला. म्हटलं, त्याला पाठवू, बघू दे शहाण्याला पेपरात कसं लिहितात ते. शर्मिला वाचत गेली. राजाचा ताफा, राजाची शिकार, राजाच्या राण्या. मी म्हटलं, हे सुरुवातीचं असेल, पुढं वाच. ती म्हणाली, "आजी, संपलं." फोटोत गाडी आहे. गाडीच्या नाकावर एक हात आहे, मनगटापर्यंत. पुढचा माणूस कापला आहे.

तुझ्या आजानं सगळं मनानं रचून वाचून दाखवलं मला. मेल्यानं. कागदाकडं बघत, बोट फिरवत, स्वल्पविरामाला थांबत. आणि मी छत्तीस वर्षं राजाला हळदकुंकू लावत बसले.

तेव्हा तू आजाला जाहिरातीतून काढलंस म्हणून मी भांडते आहे, पण तुझ्याआधी त्याला कोणी काढला ते आता मला कळलं. त्यानं राग कमी झाला असं समजू नकोस. आता तो दोघांवर आहे, तुझ्यावर आणि माझ्यावर.

पाटी या पाकिटात आहे, कापसात गुंडाळून. मागं कधी तुटलेली खिडकीची मूठ माझ्याकडं आहे, दावं म्हणून ती चालेल. गाडी विकू नको असं माझं म्हणणं नाही. जनावर चांगल्या घरी जात असेल तर जावं. विक, तुझं गॅरेज टाक. पण राजा काढ आणि आजा घाल. वाडीला मी माझ्या सवडीनं सांगेन, एकेकीला धरून. पन्नास वर्षांचं खोटं एका दिवसात उतरवता येत नाही, दात पडतात.

ठकूबाई


१ डिसेंबर २०२४

स्वराज,

शर्मिलाला सांगितलं आहे की आज काही गाळायचं नाही.

नालायका, पाटी घेतलीस, पत्र खिशात घातलंस आणि कॅमेरा पाठवलास!

रविवारी सकाळी तुझा हॉटेलवाला दोन माणसं घेऊन वर आला. विनीत का काय नाव. हातात शाल आणि स्ट्रॉबेरीच्या जॅमची बाटली. त्यांची गाडी वर आली म्हटल्यावर वाडी जमली. अंगणात खुर्ची मांडली, मला बसवलं, माझ्या मागं म्हैस दिसेल असं बसवलं. म्हणाला, "आजी, तुम्ही फक्त राजाची गोष्ट सांगायची. नातवाला सांगायचात तशीच. हॉटेलात गाडीशेजारी टीव्हीवर लावणार आम्ही."

मी म्हटलं, "स्वराजनं माझं पत्र नाही दाखवलं?"

तर तो हसला आणि माझा हात थोपटून म्हणाला, "बोलला स्वराज. आजी हल्ली कधीकधी वेगळंच काहीतरी सांगतात, वय झालंय."

वय झालंय.

होय, झालंय. पंचाहत्तर. पण राजा मी तेविसाव्या वर्षी बनवला होता. तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं म्हण. आत्ताचं एकदम ठीक आहे. खरं सांगायला लागले की म्हातारी भ्रमिष्ट, आणि खोटं सांगत होते तोवर गोड आजी, हा कुठला न्याय रे? हे तू बोललास? ज्याला मी भात भरवताना राण्या आणल्या, तो तू?

सवडीनं सांगायचं होतं. ती सवड तू ठेवली नाहीस. समोर पन्नास माणसं, जनी पहिल्या रांगेत, काठी टेकून. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. मी पदर नीट केला आणि सांगितलं. "राजा नव्हता. मी बनवला. पाणवठ्यावर, हंडा उचलता उचलता, ह्या जनीचं तोंड बंद करायला. गाडी भंगारात जायची होती. माझ्या नवऱ्यानं जाऊ दिली नाही. एवढीच गोष्ट."

माझ्या कानात नुसता म्हशीच्या रवंथीचा आवाज. म्हटलं, आता हसतील. पन्नास वर्षं ज्याची भीती बाळगली ते आता होणार.

जनी म्हणाली, "आमाला ठावं होता गो."

"काय ठावं होतं?"

"राजा नाय ता. राजा गाडी देल तर पेट्रोल भरून देल. बैल कशाला जुंपाया लागतील?"

"मग बोललीस का नाय गो मेले?"

"तू काय रंगून सांगायचीस! आनि माझ्या लेकाची वरात तुझ्या नवऱ्यानं नेलीन. भर पावसात, टप नाय, सोता भिजला आनि लेकावर छत्री धरायला माणूस बसवलान. राजा आलता काय?"

मग सगळे हसले. मी नाही हसले. मी अजून तिच्यावर रागावलेली आहे. पन्नास वर्षं या बायांनी मला उभ्या उभ्या खेळवलं, आणि मी समजत होते मी त्यांना खेळवते आहे.

तुझा हॉटेलवाला माझ्या कानाशी वाकला. "आजी, हे आपण कापू. राजा राहू द्या ना. कोणाचं काय जातं?"

मी म्हटलं, "माझा नवरा जातो."

त्यानं कॅमेरा आवरला. म्हणाला, राजा नसेल तर त्याला गाडी नको, जुन्या गाड्या पुष्कळ मिळतात. जाताना शाल परत नेली. जॅम राहिला, कारण बाटली शर्मिलाच्या मुलीनं आधीच उघडली होती.

तर सौदा मोडला. मी मोडला, पूर्ण शुद्धीत. तुझं गॅरेज लांबेल. त्याचं मला वाईट वाटतं. शर्मिला, हे लिही, पण फार ठळक नको. तू कष्टाळू आहेस हे मला दिसतं. तुझे हात तंतोतंत त्याचे आहेत, म्हणून तर हा सगळा संताप. ज्याचे हात घेऊन फिरतोस त्याला लपवतोस कशाला? राजाच्या गाडीचा मेकॅनिक व्हायला कोणीही होईल. सकपाळाचा नातू असलेला मेकॅनिक सबंध पुण्यात एकच आहे, आणि ते दुकानावर लिहायच्या लायकीचं आहे. आता फोन ठेवावासा वाटला तरी ठेवता येणार नाही. कागद आहे. वाच.

नवी जाहिरात मी सांगते. शब्द बदलायचा नाही.

"विकणे आहे. स्टुडबेकर मोटार, उघड्या टपाची, सन पन्नासची, नाक विमानासारखं. अमेरिकेतल्या लोहाराच्या मुलांच्या कारखान्यात झाली. आधी ते बैलगाडीसारख्या गाड्या करत, ते काम त्यांना चांगलं येत असावं, कारण खडीच्या रस्त्यावर हिचा सांगाडा अजून हललेला नाही. कारखाना बंद पडला. मालकानं भंगारात घाल म्हटलं. ड्रायव्हरनं घातली नाही. बहात्तर साली चार बैलांनी ओढून खडपवाडीत आणली, त्यात एक बैल गेला, त्याचं नाव चांद्या. आत अर्धे भाग अमेरिकेचे, अर्धे ट्रॅक्टरचे, जीपचे आणि महाडच्या लेथवरचे, कुठला कोणाचा ते नातू सांगेल. नवरदेव तीनशेच्या वर बसले, त्यातले बरेच नांदले. राजा एकही बसला नाही. मागच्या सीटवर कोंबड्या बसत, तो डाग निघणार नाही. खिडकीची एक मूठ मिळणार नाही, ती घरी राहील. ही गाडी रामा भिकू सकपाळ यांनी एकोणचाळीस वर्षं स्वतःच्या हातांनी राखली. ज्याला ती त्यांची म्हणून हवी असेल त्यानं यावं. बाकीच्यांनी दुसरी बघावी."

शर्मिलाचं पेन थांबलं आहे. म्हणते, "आजी, तुम्ही नाव घेतलंत."

घेतलं. लग्नाला साठ वर्षं होत आली, उखाण्याशिवाय पहिल्यांदाच घेतलं. रागाच्या भरात यमक जुळत नाही.

मी घेतलं. आता तू घे, चार लोकांत, मोठ्यानं.

ठकूबाई रामा सकपाळ